ऐकण्याची बाजू

मागे एका शुक्रवारी चोरबाजारात जुना टेस्ट फोन मिळाला. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना तो आठवत असेल. लाइनमनच्या कमरेला लटकणारा, पाठीवर गोल डायल असलेला काळा रिसीव्हर आणि वायरीच्या टोकाला दोन चिमटे. माझे वडील असाच फोन घेऊन गिरगाव ते लालबाग हिंडत. अब्बा बॉम्बे टेलिफोन्सच्या काळात नोकरीला लागले. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम आलं आणि तिथून निवृत्त झाले. त्यांचा फोन त्याच दिवशी खात्यात जमा झाला. म्हणून हा घरी आणला.

फोन मुका होता. पहिला दोष वायरीत. ही वायर साधी नसते. धाग्यांवर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणून ती छान लवते, पण तिला डाग सहजी लागत नाही. चिमट्याजवळचा तुटका भाग कापला आणि बारीक तार आवळून बांधली. डायलमधलं तेल चिकटलं होतं. शून्य फिरवून सोडला की डायलने साधारण एका सेकंदात दहा वेळा लाइन तोडून जोडायची असते. माझी डायल तीन सेकंद रेंगाळत होती. स्पिरिटने पुसून घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला. बोलायच्या भागात कोळशाचे कण असतात. आवाजाने ते दाबले-सुटले की करंट कमी-जास्त होतो. पडून पडून ते गोठले होते. तळहातावर दोन-चारदा आपटल्यावर मोकळे झाले.

उरला खटका. त्याला दोन बाजू, एक बोलण्याची, एक ऐकण्याची. ऐकण्याच्या बाजूला माइक बंद असतो आणि मध्ये एक कपॅसिटर असतो. लाइनवरचा सुमारे ४८ व्होल्टचा डीसी तो अडवतो, आवाज तेवढा जाऊ देतो. त्यामुळे कोणी फोन उचलला असं एक्स्चेंजला वाटत नाही, चालू बोलण्यात व्यत्यय येत नाही. लाइनमनने आधी ऐकायचं. लाइन रिकामी असेल तरच बोलायचं.

माझ्या फोनचा कपॅसिटर निकामी होता. तो तसाच ठेवणार होतो. पण एक गोष्ट आठवली.

१९८१ चा पावसाळा. केबलमध्ये पाणी शिरलं की लालबाग-परळच्या गल्ल्याच्या गल्ल्या मुक्या होत. आमच्या चाळीचा पी. पी. नंबर म्हणजे खालच्या वाण्याचा फोन. त्याची लाइन खरखरत होती. दुपारी अब्बांनी डीपी बॉक्सवर चिमटे लावले आणि खटका ऐकण्याच्या बाजूला ठेवून कानाला लावला. चिपळूणहून निरोप येत होता. शेजारच्या काकांची आई गेली होती.

काका गिरणीत पहिल्या पाळीला. साडेतीनला गेटवर अब्बांची आणि त्यांची गाठ पडली. दोघांनी चहा घेतला. अब्बा काही बोलले नाहीत. निरोप वाण्याकडे होता, तो पोचेलच असं त्यांनी धरलं. पण दुकानातला पोऱ्या विसरला. काकांना संध्याकाळी उशिरा कळलं. हाताशी असलेली एसटी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ते गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

काका परतल्यावर अब्बांनी स्वतःच सांगितलं. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘भाई, साडेतीनला आपण चहा घेतला होता.’’ बोलणं पुढेही राहिलं. चहा मात्र पुन्हा झाला नाही.

लाइनवरचं बोलणं बाहेर फोडणं हा १८८५ च्या तार कायद्याखाली गुन्हा होता. पण अब्बा कायद्याच्या धाकाने गप्प राहिले असं मला वाटत नाही. ऐकलेलं आपलं नसतं, असं ते म्हणत. अम्मीचं म्हणणं वेगळं होतं. मरणाची बातमी कोणाचीच खासगी नसते, ती सांगायचीच असते. मी कविता लिहितो, म्हणजे लोकांचं ऐकलेलंच वापरतो. दोघांपैकी बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज तिघेही नाहीत, म्हणून इतकं सांगतोय.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून २५० व्होल्टचा कपॅसिटर आणून बसवला. रिंगचा करंट ७५ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून इतका दमदार लागतो. घरात आता लँडलाइन नाही. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक रेझिस्टर आणि जुना फोन आतल्या खोलीपर्यंत वायरीने जोडला, मुलीला तिकडे बसवलं आणि मी चिमटे लावले. खटका ऐकण्याच्या बाजूला होता.

‘‘अब्बा, ऐकू येतंय का? बोला ना काहीतरी.’’

स्वच्छ ऐकू येत होतं. माझा आवाज तिला पोचणार नव्हता. खटका फिरवायला मला थोडा वेळ लागला.