अग्निबाणाची नळी आणि तिचे भरण



ज्या गावाचे नाव उच्चारताच महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात गणेशमूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, त्या पेण गावी येऊन वक्त्याने अग्निबाणाच्या मोटरीवर तासभर बोलावे याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. त्याचे पहिले उत्तर आपल्या जिल्ह्याच्या दफ्तरातच सापडते. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड नावाचे जे द्रव्य तयार होत आले, ते इस्रोच्या ‘विकास’ एंजिनाला लागते. आणि २०१७ साली त्या कारखान्याच्या पुनर्रचनेला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली तेव्हा या द्रव्याचा विभाग जमिनीसह इस्रोच्या हवाली करण्याचे ठरले. तेव्हा अग्निबाणाचा शिधा ज्या जिल्ह्यात रांधला जातो, त्या जिल्ह्यात अग्निबाणाची चर्चा परकी मानण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर अधिक घरगुती आहे. रोह्याच्या एका परिचित कुटुंबातील तरुण अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला, तेथील विद्यापीठाच्या रॉकेट-संघात दाखल झाला, आणि एके रात्री त्याने मला दूरध्वनी करून विचारले, “काका, मला पहिल्या पातळीचा दाखला घ्यायचा आहे. नियमात बसेल ती मोठ्यात मोठी मोटर घेऊ ना?” त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जे मनाला पटले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

अमेरिकेत मोठ्या शक्तीचे हौशी अग्निबाण उडविणाऱ्यांच्या दोन मान्यवर संस्था आहेत: १९५७ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन. त्यांचा दाखला तीन पातळ्यांचा असतो. मोटरीची शक्ती मोजण्याचे माप न्यूटन-सेकंद हे असून तिचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी दर्शविले जातात, आणि प्रत्येक अक्षराची कमाल मर्यादा मागच्या अक्षराच्या दुप्पट असते. एच म्हणजे १६० ते ३२०, आय म्हणजे ६४० पर्यंत, जे म्हणजे १२८० पर्यंत, याप्रमाणे ही शिडी चढत जाते. पहिली पातळी एच व आय या दोन वर्गांची. दुसरी जे, के, एल यांची, आणि तिच्यासाठी लेखी परीक्षाही द्यावी लागते. तिसरी एम, एन, ओ यांची, जिच्यात अग्निबाणास खाली आणणारी हवाई छत्री उघडण्याची विद्युत्-यंत्रणा दुहेरी ठेवावी लागते आणि संपूर्ण आराखड्याचे दस्तऐवज आधी जाणकारांच्या नजरेखालून घालावे लागतात. या दुपटीच्या हिशेबामुळे नवख्या माणसाची मोठी दिशाभूल होते. एच आणि आय या शेजारच्या अक्षरांत एका पायरीचेच अंतर दिसते. परंतु भरलेला आय हा भरलेल्या एचच्या दुप्पट शक्तीचा असतो, हे कागदावर कळले तरी मैदानावर प्रत्यक्ष पाहीपर्यंत उमगत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. दाखल्याच्या नियमांत उंचीची अट नाही. अग्निबाण स्थिरपणे वर जावा, त्याची छत्री उघडावी, तो जमिनीवर परत यावा, आणि दुरुस्ती न करता पुन्हा उडविता येईल अशा स्थितीत परीक्षकाच्या हाती द्यावा, एवढेच त्याचे स्वरूप आहे. म्हणजे ही परीक्षा परतीची आहे. आणि परतीच्या परीक्षेत जास्त शक्ती ही जास्त उंची, जास्त उंची ही वाऱ्याबरोबर जास्त वाहवत जाणे, आणि वाहवत जाणे ही हरवण्याची पहिली पायरी ठरते. म्हणून मी त्यास स्पष्ट सांगितले की, आय नको, एच घे. आणि एचमधलीही आपल्या अग्निबाणाला पुरेल एवढीच घे.

‘पुरेल’ म्हणजे किती, याचा ठोकताळा सोपा आहे. मोटरीवर अक्षरापुढे जो आकडा छापलेला असतो, तो सरासरी रेट्याचा. उदाहरणार्थ एच १२८ म्हणजे सरासरी १२८ न्यूटन. हा रेटा अग्निबाणाच्या एकूण वजनाच्या किमान पाचपट असावा, असा तेथील शिरस्ता आहे. दोन किलोच्या अग्निबाणाचे वजन सुमारे २० न्यूटन. त्याच्या पाचपट १०० न्यूटन. तेव्हा १२८ न्यूटनची मोटर त्यास पुरेशी होय. सव्वादोन-अडीच किलोपर्यंतही ती चालेल, परंतु त्यापुढे ओढाताण सुरू होते. या पाचपटीमागचे कारण असे की, उभ्या दांडीवरून सुटताना अग्निबाणास इतका वेग मिळाला पाहिजे की त्याच्या पंखांना वाऱ्याचा आधार सापडावा. दोन किलोच्या या अग्निबाणाला दोन मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाशी सेकंदाला साडेचौदा मीटरच्या आसपास वेग येतो, तो नेमका उपयोगाचा आहे. यापेक्षा बराच मंद सुटलेला अग्निबाण वाऱ्याकडे झुकतो, आणि जो बाण वर जावयाचा तो प्रेक्षकांच्या बाजूस वळतो. पाचपटीच्या त्या आकड्यात माणसांच्या जिवाची जामीनकी आहे.

यानंतर नळीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्व विषयाचा गाभा येथे आहे. एकदाच वापरून टाकून देण्याच्या मोटरीही मिळतात. परंतु ज्यास ही विद्या खरोखर शिकावयाची आहे त्याने पुन्हा भरता येणारी, म्हणजे रीलोडची मोटर घ्यावी. तिची केसिंग ही ॲल्युमिनियमची नळी असते, दोन्ही टोकांस आटे पाडलेली झाकणे असतात. आत अस्तराची नळी, तिच्यात मधोमध आरपार भोक असलेले घन इंधनाचे दंडगोल, तळाशी नोझल, माथ्याशी विलंब-द्रव्य आणि छत्री ढकलून देणारी थोडी काळी दारू. वायू कोठूनही निसटू नये म्हणून ठरावीक जागी रबरी ओ-रिंग बसवितात. दोन सेकंदांत इंधन आणि अस्तर संपते, नळी आणि झाकणे राहतात. पेणच्या मूर्तिकारांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही: साचा कारखान्यात राहतो, मूर्ती परगावी जाते, आणि पुढल्या वर्षी त्याच साच्यातून नवी मूर्ती निघते. फरक एवढाच की, साच्याला चीर गेली तर मूर्ती बिघडते; नळीला चीर गेली तर माणूस दुखावतो.

रोह्याच्या, म्हणजे धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणारी जी मंडळी आज समोर बसली आहेत, त्यांना ही वस्तू नावानिशी ओळखीची वाटेल; कारण ही नळी म्हणजे तळहाताएवढे प्रेशर व्हेसलच आहे, आणि गॅस्केट चुकीचे बसले तर काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

नळीच्या नावातच तिची कैफियत लिहिलेली असते. एरोटेक कंपनीच्या पद्धतीत ३८/२४० म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाची आणि जास्तीत जास्त २४० न्यूटन-सेकंदांचे भरण घेणारी नळी. त्याच व्यासात पुढे ३६०, ४८०, ६०० आणि ७२० अशा लांबत जाणाऱ्या नळ्या आहेत. २४० मध्ये एच बसतो, ३६० मध्ये आय, आणि ७२० मध्ये जे, म्हणजे दुसरी पातळी. येथे एक फार सोयीची गोष्ट अशी की, या पाचही नळ्यांना तीच झाकणे लागतात. म्हणजे आज ३८/२४० घेणाऱ्याने झाकणांचा जो खर्च केला, तो उद्याच्या दुसऱ्या पातळीलाही कामास येतो. नवी घ्यावयाची ती फक्त नळी. लांब नळीत आखूड भरण बसविण्याची अडॅप्टरची सोयही उपलब्ध आहे, आणि काटकसरी माणसास ती भुरळ घालते. परंतु दाखल्याच्या दिवशी, जेव्हा हात थोडे थरथरत असतात, तेव्हा जोडावयाचे भाग जितके कमी तितके बरे, असे माझे मत आहे. म्हणून त्या तरुणास मी ३८/२४० सुचविली, आणि अग्निबाण बांधताना मोटरीची खोबण ३८ मिलिमीटरचीच ठेवावयास सांगितले. कारण मोठ्या खोबणीत २९ मिलिमीटरची मोटर जोड देऊन बसते, परंतु लहान खोबणीत मोठी मोटर कधीही बसत नाही.

विलंबाचा निर्णयही तितकाच नाजूक आहे. इंधन संपल्यावर अग्निबाण काही सेकंद नुसत्या गतीने चढत राहतो, आणि शिखरास पोहोचून क्षणभर थबकतो तेव्हा छत्री उघडली पाहिजे. ती लवकर उघडली तर वेगात असलेल्या दोरीने पुठ्ठ्याची नळी उभी फाटते. उशिरा उघडली तर अग्निबाण नाकावर पडत असतो. हा काळ किती, हे ओपनरॉकेटसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीवर आधी काढता येते, आणि विलंब-द्रव्य ठरलेल्या अवजाराने कोरून तितके कमी करता येते. हे गणित करावयास परवाना लागत नाही. पेणच्या शाळेतला मुलगाही ते करू शकेल.

परवान्याची गोष्ट निघालीच आहे तर ती नीट सांगितली पाहिजे. अमेरिकेत या इंधनाला स्फोटकांच्या यादीत ठेवण्याविरुद्ध वरील दोन्ही संस्थांनी २००० साली दावा लावला, आणि २००९ साली न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू असून त्यांचा अंमल स्फोटक खात्याच्या नागपूरच्या मुख्य कार्यालयातून चालतो. तेव्हा येथे कोणीही घरी मिश्रणे करण्याच्या फंदात पडू नये, हे मी हात जोडून सांगतो. ज्यांना हे मनापासून करावयाचे आहे त्यांच्यासाठी वाट निराळी, लांबची आणि अधिक मानाची आहे. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर इंग्लंडमधील काम सोडून १९६७ साली थुंब्यास आले आणि त्यांनी घन इंधनाचे शास्त्र या देशात रुजविले. आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या केसिंग घडविल्या जातात, ज्यांचा व्यास २.८ मीटर असतो. ३८ मिलिमीटरची नळी आणि ही नळी यांत आकाराचे अंतर प्रचंड आहे, परंतु आतील दाब सोसणारी भिंत, तिला उष्णतेपासून राखणारे अस्तर आणि सांध्यांची चोख बंदिस्ती, हे तत्त्व एकच.

त्या तरुणाचा अग्निबाण एचवर गेला, आणि परीक्षकाने तपासून दाखल्यावर सही केली. मी त्यास पुढचे विचारले तेव्हा तो म्हणाला की, नळी कोमट असतानाच झाकणे उघडली, काजळी ओल्या फडक्याने पुसली, ओ-रिंगच्या खाचेतून नख फिरवून ओरखडा नाही ना ते पाहिले, आट्यांना ग्रीस लावले आणि ती कापडात गुंडाळून ठेवली आहे. जे मोटरीसाठी नवी नळी तो पुढल्या वर्षी घेणार आहे, झाकणे हीच.