पडद्यावरचे विद्यापीठ आणि श्रोत्याचा प्रश्न

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाची संहिता)



साठ वर्षांपूर्वी या शाळेचा पहिला वर्ग भरला, तेव्हा विद्यापीठातील नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायचे तर विद्यापीठाच्या गावी जावे लागे. महाराष्ट्रापासून दूर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पुण्या-मुंबईच्या व्याख्यानमाला बहुधा वृत्तपत्रांतील वृत्तान्तांतूनच ठाऊक असत. आज आठवीतील मुलगी रात्रीचे जेवण आटोपून आईच्या मोबाइलवर खगोलशास्त्राचे व्याख्यान ऐकू शकते. न कळलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकू शकते. ही सोय लहान नव्हे. तथापि वक्त्याचा आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचला, एवढ्याने विद्यापीठ घरी आले असे होत नाही. श्रोत्याचा प्रश्न वक्त्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहिल्यावाचून या नव्या साधनाचे मोल ठरवता येणार नाही.

विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर पडावे, ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. १८६७ साली केंब्रिजमधील जेम्स स्टुअर्ट या चोवीस वर्षांच्या अध्यापकाने उत्तर इंग्लंडमधील लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि शेफील्ड या शहरांत स्त्रियांसाठी व्याख्याने दिली. स्त्रियांना त्या काळी विद्यापीठाची दारे बंद होती. तरुण पुरुष व्याख्यात्याने भरसभेत स्त्रियांना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत, हे तत्कालीन समाजाला रुचणारे नव्हते. स्टुअर्टने प्रश्न छापून वाटले. श्रोत्या स्त्रिया घरी उत्तरे लिहून पाठवीत आणि तो ती तपासून परत करी. संकोचातून निघालेली ही वाट पुढे त्या शिक्षणपद्धतीचाच भाग झाली.

दुसरा प्रसंग रॉचडेल या गावचा. तेथील सहकारी संस्थेच्या कामगार सभासदांपुढे स्टुअर्टची व्याख्याने चालू होती. एकदा घाईने निघताना त्याने भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या व्याख्यानापर्यंत तशाच राहू द्याव्यात, अशी विनंती केली. परत आला तेव्हा त्याला कळले, की मधल्या दिवसांत सभासद त्या आकृत्यांभोवती जमून चर्चा करीत होते आणि त्यांच्या मनात बरेच प्रश्न साचले होते. त्यातून व्याख्यानाला जोडून चर्चेचा स्वतंत्र वर्ग घेण्याची प्रथा पडली. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हा उपक्रम अधिकृतपणे स्वीकारला, तेव्हा व्याख्यानासोबत हा वर्ग आणि लेखी उत्तरे ही दोन्ही अंगे त्यात होती.

महाराष्ट्रातही ही जाणीव फार मागाहून आलेली नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती १८७५ साली. पुढे विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षण मंडळे स्थापली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाची बहिःशाल व्याख्यानमाला खेड्यापाड्यांत पोहोचली. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरचे. आजच्या आभासी व्याख्यानाला याहून चपखल शब्द शोधण्याची गरज नाही.

तंत्र बदलले तसा हा पसारा वाढला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले पाठ्यसाहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा उपक्रम उभारला. त्यातील कित्येक व्याख्यानांच्या लेखी संहिता आज मराठीतही वाचायला मिळतात. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आले. आणि २०२० च्या टाळेबंदीत तर देशभरातील विद्यापीठांची व्याख्याने व चर्चासत्रे पडद्यावरच भरू लागली.

त्या काळाने दोन्ही बाजू दाखविल्या. दूरच्या गावातील विद्यार्थी नामवंत अभ्यासकांच्या सभेत बसू शकला. मोठ्या सभागृहात उभे राहून बोलण्याचे धैर्य नसलेली मुलगी आपला प्रश्न लिहून पाठवू लागली. लीड्सच्या स्त्रियांना लेखी उत्तराने जी मोकळीक दिली, तीच या मुलीला पडद्याच्या कोपऱ्यातील लहानशा चौकटीने दिली. दुसरीकडे, कॅमेरे बंद, आवाज बंद, वक्ता काळ्या चौकटींपुढे बोलत आहे आणि श्रोता स्वयंपाकघरात आहे, असेही पुष्कळदा घडले. वेबिनारच्या शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरला की ई-प्रमाणपत्र मिळे. काहींच्या संग्रही अशी डझनावारी प्रमाणपत्रे जमली. त्यांतील किती व्याख्यानांतले एखादे वाक्य स्मरणात राहिले, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

चर्चासत्राची गोष्ट तर आणखी निराळी. ‘सेमिनार’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तेथे त्याचा अर्थ रोपवाटिका असा होतो. रोपवाटिकेत प्रत्येक रोपाकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. चर्चासत्रात आधी वाचून यावे लागते, आपले मत मांडावे लागते, त्यावरील आक्षेप ऐकावा लागतो आणि पटल्यास मत बदलावे लागते. पाचशे श्रोते जोडले गेले, एवढ्यावरून व्याख्यान यशस्वी म्हणता येईल कदाचित, चर्चासत्र नव्हे. पडद्यावरही ते उत्तम होऊ शकते, पण दहा-पंधरा जणांत, सर्वांनी आधी वाचलेले असताना आणि प्रत्येकाला बोलावे लागणार हे ठरलेले असताना.

हे सारे मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात सांगण्याचे कारण आहे. परप्रांतातील मराठी माध्यमाच्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी महाविद्यालयात जातो, तेथे वर्गाची भाषा इंग्रजी असते आणि मैदानाची भाषा त्या प्रांताची. त्याला विषय समजत असतो; पण प्रश्न मनात मराठीत उमटतो आणि इंग्रजीत उतरवेपर्यंत तास संपतो. हळूहळू तो विचारणे सोडतो, आणि विचारणे सोडलेला हुशार मुलगा मागच्या बाकावर दिसेनासा होतो. पडद्यावरची व्याख्याने त्याला केवळ अधिक ऐकवीत राहिली, तर त्याचे मौन वाढेल. म्हणून प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच, आणि आपल्या भाषेत, जडली पाहिजे. प्रश्न एकदा मराठीत नीट बांधता आला, की तो दुसऱ्या भाषेत नेणे हे पुष्कळ सोपे काम आहे.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांची एक रीत सर्वश्रुत आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. मुलाला स्वाक्षरी मिळेच, पण त्याआधी त्याला विचार करावा लागे. शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने योजण्याची आयुकाची परंपराही आहे. एके काळी ती पुण्याच्या मुलांपुरती होती. आता संस्थेची मराठी व्याख्यानेही इंटरनेटवर मिळतात, आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलांसाठी हे मोठेच धन आहे.

या धनाचा विनियोग कसा व्हावा? एकाच मोबाइलवर दोन भावंडांचा अभ्यास चालणारी घरे याही शाळेच्या परिवारात आहेत. म्हणून महिन्यातून एक व्याख्यान शाळेच्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, सर्वांनी मिळून ऐकावे. शिक्षकांनी ते आधी पाहून आठ-दहा पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहावेत: कृष्णविवर आणि त्याशेजारी ब्लॅक होल, गुरुत्वाकर्षण आणि त्याशेजारी ग्रॅव्हिटी. पुढे दोन्ही लागणार आहेत. दर पंधरा मिनिटांनी व्याख्यान थांबवावे आणि रॉचडेलच्या कामगारांप्रमाणे मुलांना आपसात बोलू द्यावे. शेवटी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहावा; नाव घालण्याची सक्ती नसावी.

आणि येथेच माजी विद्यार्थ्यांचे साहाय्य हवे आहे. विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, न्यायालयांत काम करणारे या शाळेचे माजी विद्यार्थी देशभर आहेत. शाळेला त्यांनी दिलेली देणगी मोलाचीच. पण त्या चिठ्ठ्यांतील दोन प्रश्नांना एका आठवड्याच्या आत, सोप्या मराठीत दिलेले उत्तर हेही दानच आहे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे लिहावे. मोठ्या माणसालाही शोधावे लागते, हे मुलांना कळणे हितकारक आहे. पालकांकडून अपेक्षा याहून लहान आहे. मूल व्याख्यान ऐकून घरी आले, की किती गुणांचे होते, प्रमाणपत्र मिळाले का, असे न विचारता, तू आज काय विचारलेस, एवढेच विचारावे.

या मेळाव्यातून परतण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव, आपला विषय आणि महिन्यातून किती प्रश्नांना उत्तरे देता येतील ती संख्या कार्यालयातील वहीत नोंदवावी, ही नम्र विनंती. संख्या एक असली तरी चालेल.