पेट्रोग्राडची पावाची रांग



युद्धात उपासमार झाली की क्रांती होते, असे उत्तर तुम्ही कधीतरी परीक्षेत लिहिले असेल आणि त्याला गुणही पडले असतील. मला ते उत्तर अपुरे वाटते. पहिल्या महायुद्धापूर्वी रशिया हा जगातल्या मोठ्या धान्य निर्यातदारांपैकी एक होता. तुर्कस्तान युद्धात उतरला, दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली, निर्यात थांबली. म्हणजे धान्य देशातच राहिले. तरीही राजधानी पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लागल्या. रेल्वे सैन्याच्या दिमतीला लागली होती आणि कारखाने तोफगोळे ओतत होते. शेतकऱ्याला गव्हाचे पैसे मिळत, पण त्या पैशांत घ्यायला बाजारात कापड नव्हते, खिळे नव्हते. त्यात युद्धकाळातल्या दारूबंदीने बुडालेला महसूल आणि युद्धाचा खर्च भागवायला सरकार नोटा छापत सुटलेले. शेतकऱ्याने धान्य घरातच ठेवले, यात त्याचे काय चुकले?

त्याची झळ शहरातल्या बायकांना बसली. गिरणीतली पाळी संपवून त्या कडाक्याच्या थंडीत बेकरीसमोर तासन् तास उभ्या राहत. पीठ असले तर भट्टीला जळण नसे. विरोधी पुढारी मिल्युकोव्ह आणि मंडळींपेक्षा रांगेत दमलेल्या या आया क्रांतीच्या जास्त जवळ आहेत, असे झारच्या गुप्त पोलिसांनीच जानेवारी 1917 मध्ये वर कळवले होते. अहवाल अचूक होता, वाचणारे बेफिकीर होते. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 23 फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या 8 मार्चला, व्हायबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या स्त्रिया काम टाकून बाहेर पडल्या आणि शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांना त्यांनी बाहेर काढले. शहराचा लष्करी प्रमुख जनरल खाबालोव्ह याने जाहीर केले, की पाव पुरेसा आहे. रांगेतल्या बाईला हे सांगणे म्हणजे तिला खोटे ठरवणे. चार दिवसांनी त्याने आणीबाणीचे पत्रक छापून घेतले, तेव्हा ते भिंतीवर लावायला खळ आणि कुंचलेसुद्धा मिळाले नाहीत! त्याआधी 26 तारखेला गोळीबार झाला होता. दुसऱ्या सकाळी गोळ्या झाडणाऱ्या व्होलिन्स्की पलटणीनेच बंड केले. त्याच जुन्या पंचांगाच्या 2 मार्चला झारने पस्कोव्हला पदत्याग केला.

यावर पहिला आक्षेप त्याच शहरातून, म्हणजे पुढे लेनिनग्राड झालेल्या पेट्रोग्राडमधून येतो. 1941 च्या हिवाळ्यात लेनिनग्राडच्या वेढ्यात बहुतेक नागरिकांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता, लाखो माणसे मेली, पण उठाव झाला नाही. स्टालिनच्या दहशतीचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्य. शिवाय पक्षाच्या वरिष्ठांच्या ताटात जास्त पडत होते, हेही खरे. तरी फरक उरतोच. लेनिनग्राडमध्ये उपासमार करणारा शत्रू वेशीवर उभा होता. 1917 मध्ये आघाडी दूर होती, आणि 1915 मध्ये झारने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतल्याने दोष ढकलायला दुसरे कोणी उरले नव्हते. भुकेने माणूस खचतो; आपली भूक कोणाच्या तरी नादानपणामुळे आहे, अशी खात्री पटली की तो रस्त्यावर येतो. दुसरा आक्षेप असा, की क्रांती क्रांतिकारकांनी केली. लेनिन तेव्हा झुरिकमध्ये होता आणि निर्णायक लढाया आमची पिढी कदाचित पाहणार नाही, असे त्याच जानेवारीत तरुणांना सांगत होता. संघटनेचे महत्त्व मी नाकारत नाही. कामगारांचे सोव्हिएत, म्हणजे त्यांची परिषद, कसे उभारायचे, हे 1905 मध्येच शिकून झाले होते. ते नसते तर ही गर्दी कदाचित पांगली असती.

झारनंतर आलेल्या हंगामी सरकारने यातून काय घेतले? फारसे काही नाही. धान्याचा मक्ता सरकारकडे घेतला, पण वाहतूक सुधारली नाही. जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला. युद्ध चालू ठेवून जूनमध्ये नवी चढाई केली आणि ती फसली. आठ महिन्यांत ते सरकारही गेले.

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुमच्यापैकी कोणी पुरवठा खात्यात जाईल, कोणी आकडेवारी तयार करील, कोणी वर्तमानपत्रात बातमी लिहील. गोदाम भरलेले आहे असा कागद टेबलावर आला, तर सही करण्याआधी दुकानापाशी जाऊन या. आणि तिथे जे दिसेल ते वरच्यांना रुचणारे नसले, तरी तसेच लिहा.