शून्य म्हणजे फत्ते

संस्कृतातले शून्य अरबीत जाऊन सिफ्र झाले, उर्दूत सिफर. आमच्याकडे सिफर म्हणजे काहीच नाही. गणिताच्या पेपरात मिळाले तर घरी मार ठरलेला. संगणकात मात्र उलटे. प्रोग्राम थांबताना, ज्याने त्याला कामाला लावले त्याच्या हाती एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम फत्ते. दुसरा आकडा म्हणजे बिघाड. यश एकाच तऱ्हेचे, अपयशाच्या तऱ्हा अनेक, म्हणून बाकीचे सारे आकडे अपयशाच्या वाट्याला!

आपल्या नसलेल्या मेमरीत हात घालून प्रोग्राम मध्येच कोसळला, की लिनक्सवर १३९ दिसतो. त्यातले १२८ ठरलेले, ११ हा त्या अपघाताचा क्रमांक. विंडोजवर त्याच अपघाताला ३२२१२२५४७७ म्हणतात. दोन्हीकडे चालणारे साधन लिहिणाऱ्याला दोन्ही बोल्या यायला हव्यात. त्यात लिनक्सवर ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. कोणी २५६ चुका मोजून तोच आकडा पाठवला, तर तो शून्य होऊन पोचतो!

साखळीची तऱ्हा आणखी वेगळी. एकाने कापूस खाली करायचा, दुसऱ्याने तोलायचा, तिसऱ्याने पावती फाडायची. एकापुढे एक जोडलेल्या प्रोग्रामांत संगणक सहसा शेवटच्यालाच विचारतो. गाडी खाली झालीच नाही, पण पावती फाटली, म्हणजे सारे ठीक! बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू केले, तरच आधीच्यांची रड ऐकू येते.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, रक्कम जाहीर झाली ३४,०२२ कोटी. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तिची किती वाट पाहिली गेली, हे वेगळे सांगायला नको. अर्ज ऑनलाइन. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ करून प्रमाणपत्रे वाटली. नंतर बँकांची माहिती आणि अर्जांतली माहिती जुळेना, पैसे अडकले. बिघाड कोणत्याही कामात होतो, त्याचे मला फारसे वाटत नाही. राग येतो तो आधीच वाटलेल्या शून्याचा.

नुसता 'बिघाड' एवढा निरोपही पुरत नाही. कुठे अडले ते सांगावे लागते. चांगला प्रोग्राम आकड्यासोबत तेवढी एक ओळ लिहून जातो. आधारवर शेख आणि पासबुकात शेक, एवढे कळले असते तर माणूस त्याच दिवशी दुरुस्तीला लागला असता.