मोहाच्या फुलाला परवाना कशाला?



लासुर्ण्याच्या माळावर मोहाचं झाड शोधावंच लागेल. तरी आज बोलायचंय मोहाविषयीच.

गडचिरोली, नंदुरबारकडचे आदिवासी चैत्रात पहाटे उठून रात्रभर गळालेली मोहाची फुलं वेचतात, वाळवून ठेवतात. पावसाळ्यात धान्य सरलं की तीच शिजवून किंवा पिठात मळून भाकरी करून खातात. बियांचं तेल स्वयंपाकाला, दिव्याला. दारूही काढतात, ती देवालाही लागते. सरकारला मात्र एवढ्या झाडात दिसली ती दारूच! घरी दारू निघाली तर अबकारी बुडते, म्हणून १८९२ साली ठाणे-कुलाब्यासाठी खास कायदा झाला. स्वराज्य आलं, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं फुलं बाळगणं, विकणं, नेणं परवान्याखाली घातलं. राज्यानं हे निर्बंध सैल केले ते २०२१ साली.

ओळखीचं वाटतंय ना? ज्वारीची लेव्ही आठवा. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी आणि राज्याच्या हद्दीवर अडवलेल्या गाड्या आठवा. माल आपला, पण न्यायचा कुठं ते साहेब सांगणार!

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्याच हाती आले.