दांडा की बटणं: जुन्या व्हिडिओ गेमसाठी काय निवडावं?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून व्हिडिओ गेमच्या रिमोटबद्दल बोलायचं, हे काही श्रोत्यांना पोरकट वाटेल. पण भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात माणसाच्या हाताखाली बटण द्यायचं की दांडा, हा प्रश्न कारखान्यांना रोजचाच आहे. वेल्डिंगच्या रोबोंचंच बघा. रोबोला हालचाल शिकवताना ऑपरेटर जो पेंडंट हातात धरतो, तो एबीबीचा असेल तर त्यावर छोटी जॉयस्टिक असते. फॅनुकचा असेल तर प्रत्येक अक्षासाठी उलट-सुलट दिशांची बटणं असतात. कुकानं तर बटणंही ठेवली आणि सहा दिशांना ढकलता येणारी एक मूठही. यंत्रमानव बनवण्यात ज्यांचा हातखंडा आहे अशा तीन कंपन्यांची उत्तरं तीन तऱ्हेची असतील, तर ‘जॉयस्टिक भारी की साधा रिमोट?’ या प्रश्नाचं सरसकट उत्तर मिळणार नाही हे उघड आहे. जुन्या गेमच्या बाबतीत मात्र निवडीची एक कसोटी नक्की सांगता येते: यंत्राला नेमकं काय कळतं, आणि आपल्या हातून न मागितलेली आज्ञा कोणत्या साधनामुळे जास्त जाते.

आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी जे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, त्यांतले बहुतेक १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होते. या घराण्याच्या रिमोटमध्ये चार दिशा, दोन खेळायची बटणं, स्टार्ट आणि सिलेक्ट असे एकूण आठ स्विच. निन्टेन्डोच्या मूळ रिमोटमध्ये ४०२१ नावाची एक साधी चिप असते. खेळ चालू असताना, सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा, यंत्र या आठांना एकापाठोपाठ एक विचारतं: दाबलंय की नाही? उत्तर हो किंवा नाही. किती जोरात दाबलं, दांडा किती अंश कलला, हे त्याला कळायची सोयच नाही. १९८७ साली निन्टेन्डोनं स्वतः अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नावाची टेबलावर ठेवायची भक्कम जॉयस्टिक विकायला काढली, तीही याच आठ उत्तरांवर चालत होती. (तिच्यावर खेळ ‘संथ’ करायचं एक बटण होतं. ते स्टार्टचं बटण भराभर दाबून खेळ थांबवायचं, सोडायचं आणि पुन्हा थांबवायचं, बस्स. विकणाऱ्यांच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी.) म्हणून ‘जॉयस्टिकनं पकड जास्त येते’ ही जाहिरात या यंत्रांपुरती पोकळ आहे.

मग फरक उरतो तो चुकांचा. पहिली चूक उलट दिशांची. कारखान्यात डोक्यावरून धावणाऱ्या ईओटी क्रेनच्या पेंडंटवर ‘वर’ आणि ‘खाली’ ही बटणं एकदम दाबली तरी दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले जाऊ नयेत, म्हणून इंटरलॉक असतो. गुनपेई योकोई यांनी १९८२च्या डाँकी काँग या हातातल्या खेळासाठी जे अधिकचिन्हाच्या आकाराचं बटण आणलं, त्यात हा इंटरलॉक यांत्रिक आहे. बटण मध्यावर टेकून डुलतं, त्यामुळे डावीकडे दाबलं की उजवी बाजू आपोआप उचलली जाते. दांड्यातही तो असतोच, एकच दांडा दोन टोकांना टेकणार कसा? मात्र दांड्याला दिशा बदलताना एक स्विच सोडून, मध्य ओलांडून, पलीकडच्या स्विचपर्यंत जावं लागतं. अंगठ्याचा प्रवास त्यामानानं फार थोडा. मारिओसारख्या खेळात कड्यावर उडी मारून लगेच मागे वळायचं असतं. तिथं प्रवास जितका कमी तितका उशीर कमी. दुसरी चूक तिरक्या दिशेची. पॅकमॅन (१९८०) चारच दिशांचा खेळ, म्हणून आर्केडमध्ये त्याचा दांडाही चारच दिशांना जाणारा होता. तोच खेळ आठ दिशांच्या दांड्यानं खेळलात की हात कोपऱ्यात सरकतो, दोन स्विच एकदम लागतात आणि वळण चुकतं. फॅमिकॉमसारख्या घरच्या ८-बिट यंत्रासाठी साधा रिमोटच घ्यावा, असं मी म्हणतो ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप स्ट्रीट फायटरवाल्यांचा येईल, आणि तो रास्त आहे. १९९१चा स्ट्रीट फायटर २ आठ दिशांचा दांडा आणि सहा बटणं धरूनच रचलेला आहे. त्यातले अर्धवर्तुळाकार फिरवायचे डाव मनगटाला सोपे जातात आणि उजव्या हाताची तीन-चार बोटं बटणांवर मोकळी राहतात. मेगा ड्राइव्ह किंवा सुपर निन्टेन्डोवर हा खेळ खेळणाऱ्यानं दांडा जरूर घ्यावा. फॅमिकॉमच्या घराण्यात मात्र खेळायची बटणं दोनच, तिथं मोकळ्या बोटांना कामच नाही. दुसरा आक्षेप असा की खरा जुना खेळ म्हणजे अटारी, आणि अटारी म्हणजे दांडा. १९७७च्या अटारी २६००पुरतं हे मान्य, कारण तिचे बरेचसे खेळ चार स्विच आणि एका बटणाच्या त्या दांड्यासाठीच लिहिले गेले. पण त्याच कंपनीनं १९८२ साली ५२०० काढला तेव्हा कलाचं माप घेणारा, सोडला तरी आपण होऊन मध्यावर न येणारा दांडा दिला, आणि पॅकमॅनमध्ये वळणं घेणं अवघड करून ठेवलं. दांडा म्हटलं की सगळं सारखं, असं नाही. आजच्या रिमोटवरची अंगठ्यानं फिरवायची मूठ अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या यंत्राला जोडतात, तिथंही हीच गोम आहे: कलाचं माप कुठंतरी तोडून त्याचं हो-नाही करावं लागतं, आणि ते कुठं तोडायचं हे अ‍ॅडॉप्टर ठरवतो.

अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं हा तिसरा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याचा अंगठा दुखतो त्यानं थोडा उशीर सोसून दांडाच घ्यावा. दुरुस्तीचा मुद्दाही दांड्याच्याच बाजूनं जातो. रिमोटमधल्या रबरावरची कार्बनची टिकली झिजली की सारखा जोर देऊन दाबावं लागतं. आर्केडच्या दांड्याखालचा मायक्रोस्विच मात्र सुटा बदलता येतो, आणि दांड्याची हालचाल चार दिशांना बांधणारी पट्टी भोसरीच्या लेझर कटिंगवाल्याला अवघड नाही. फक्त कारखान्यातली टाकाऊ जॉयस्टिक उचलून तीच बसवायचा मोह टाळावा. क्रेनचा दांडा नुसत्या धक्क्यानं हलू नये म्हणून त्याची स्प्रिंग मुद्दाम ताठ ठेवलेली असते, खेळाला हलकी लागते. आणि दांडा घ्यायचाच ठरला तर पेटीचं बूड जड आहे का, टेबलावर घसरत नाही ना, हे दुकानातच हलवून बघा. पेटी सरकली तर स्विच कितीही चांगला असला तरी आज्ञा चुकीचीच जाते.