ज्ञानविचार आणि वर्गातील मूल



प्रत्येक शिक्षणपद्धतीच्या मुळाशी मन म्हणजे काय आणि ज्ञान कसे होते, याविषयीची एक धारणा असते. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. त्यावर अनुभव लिहितो, असे त्याचे प्रतिपादन होते. शाळांनी मात्र अनुभवाच्या जागी पाठ्यपुस्तक ठेवले आणि घोकंपट्टीला प्रतिष्ठा मिळाली.

स्विस विचारवंत जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी ही धारणा तपासली. दोन सारख्या पेल्यांत समान पाणी घेऊन त्यांपैकी एकातील पाणी मुलासमोर उंच, निमुळत्या भांड्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल बहुधा ‘उंच भांड्यात पाणी जास्त’ असे सांगते. ‘पाणी तेवढेच आहे’ हे वाक्य ते पाठ करू शकेल. पण तेवढ्याने त्याची समज बदलत नाही. मूल नवा अनुभव जुन्या कल्पनांत सामावून घेते आणि तो सामावत नसेल, तर त्या कल्पनाच बदलते. ज्ञानाची ही रचना त्याला स्वतःच करावी लागते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी यास सामाजिक बाजू जोडली : मूल आज इतरांच्या साहाय्याने जे करते, ते उद्या स्वबळावर करू शकते. म्हणजेच शिक्षकाचे महत्त्व घटत नाही. त्याच्या कार्याचे स्वरूप बदलते.

भारतीय न्यायदर्शनानेही प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे मानली आहेत. आप्तवचन त्यांपैकी एक आहे, एकमेव नव्हे. वर्ग केवळ शब्दावर चालला, तर ज्ञानाची उरलेली तीन द्वारे बंद राहतात.

हा विचार धोरणातही उतरला. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याहून न समजण्याचे ओझे अधिक घातक ठरविले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाला ज्ञानाचा रचनाकार मानले. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती व शोध यांद्वारे अध्ययन, तसेच आकलनाचे आणि ज्ञानाच्या उपयोजनाचे सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षित आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वर्षाखेरीस नियमित परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभाही दिली. त्यामुळे परीक्षेत नेमके काय तपासले जाते, हा प्रश्न मुलाच्या भवितव्याशी निगडित झाला आहे. ‘लांबी गुणिले रुंदी’ हे सूत्र बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला खोलीस किती फरश्या लागतील हे सांगता येत नसेल, तर ते उत्तीर्ण झाले तरी शिकलेले नसते. याउलट फरश्या मोजून उत्तर काढणारे मूल सूत्र विसरले म्हणून मागे राहिले, तर ते अपयश प्रश्नपत्रिकेचे ठरते.

प्रश्नपत्रिका जे विचारते, तेच वर्गात शिकविले जाते. म्हणूनच मनाविषयीचे तत्त्वज्ञान शाळेत उतरवावयाचे असेल, तर शिक्षक-प्रशिक्षणाबरोबर प्रश्नपत्रिकेची सुधारणाही अपरिहार्य आहे.